वाळपईत जुलैत शून्य पाऊस? मॅटलॅबचा कोड दुसऱ्या भाषेत नेताना काय काय तपासायचं

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या वाळपईत जुलै महिन्यात शून्य मिलिमीटर पाऊस. असा आकडा माझ्या रिपोर्टमध्ये आला होता आणि चवथीच्या आधी काम हातावेगळं करायचं म्हणून मी तो नीट न बघताच सरांना पाठवून पण दिला होता. सत्तरीत ज्यांचं घर आहे त्यांना वेगळं सांगायला नको, जुलैत तिथे टॉवेलसुद्धा चार-चार दिवस वाळत नाही. सरांचा फोन आला, "आरे, हे आंकडे कित्याक वेगळे आयले?" एवढंच. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

झालं होतं ते असं. सरांची जुनी मॅटलॅब (आकडेमोडीची, लायसन्स लागणारी प्रोग्रामिंग भाषा) स्क्रिप्ट होती, रोजचा पाऊस घ्यायचा, महिन्याची बेरीज, सरासरी, पर्सेंटाइल वगैरे काढायचं. लायसन्स संपलं म्हणून मी ती पायथनमध्ये नेली, नमपाय आणि पांडास ह्या तिच्या आकडेमोडीच्या लायब्रऱ्या वापरून. म्हापशाचा एक मित्र तीच ज्युलिया नावाच्या भाषेत करत होता आणि डिपार्टमेंटमधली एक ताई आर नावाच्या भाषेत. तिघांचाही कोड चालला, कुणालाच एरर नाही, आणि तिघांची उत्तरं वेगवेगळी. मग फोंड्याला घरी बसून, बाहेर पाऊस आणि आत इन्व्हर्टर, मी दोन दिवस एकेक फंक्शन उलटं करून बघितलं तेव्हा कळलं की लायब्रऱ्यांमध्ये बग एकही नाही, प्रत्येकीने कोपऱ्यातल्या केसेससाठी आपापला नियम ठरवलाय आणि तो दुसरीशी जुळत नाही.

तर तुम्हाला असा कोड हलवायचा असेल तर काय करायचं ते सांगतो.

आधी खोडकर ॲरे बनवा, खरा डेटा नंतर

खऱ्या डेटावर दोन्ही कोड चालवून शेवटचा आकडा जुळतो का बघायचा, हे सगळेच करतात आणि तिथेच फसतात, कारण खऱ्या डेटात वाकड्या केसेस कमी असतात, आणि असतात तेव्हा बेरजेत बुडून जातात. त्यापेक्षा आठ-दहा छोटे ॲरे, म्हणजे आकड्यांच्या याद्या, हातानेच लिहून ठेवा. एक रिकामा. एक फक्त एका आकड्याचा. एकात मध्येच नॅन, म्हणजे 'आकडा नाही' वाला तो खास आकडा. एक सगळाच नॅन. एक अर्ध्या-अर्ध्यांचा, ०.५, १.५, २.५, ३.५. एकात निगेटिव्ह आकडे. एक आठ बिटांचा बिनचिन्हाचा, त्यात २०० आणि १००. एक १ ते ६ असा, रीशेपसाठी, म्हणजे तेच आकडे दुसऱ्या आकारात मांडण्यासाठी. आणि एक टेबल ज्यात एकच रांग आहे, हे विसरू नका, का ते खाली येईलच. मग जुन्या कोडमधलं प्रत्येक फंक्शन ह्या सगळ्यांवर दोन्ही भाषांत चालवा आणि उत्तरं शेजारी-शेजारी वहीत लिहा. हो, वहीतच, स्क्रीनवर स्क्रोल करत बघितलं तर डोळा घसरतो. मॅटलॅब हाताशी नसेल तर तिच्यासारखीच भाषा असलेलं ऑक्टेव्ह फुकट मिळतं, आणि खाली मॅटलॅबच्या ज्या सवयी सांगितल्यात त्यातल्या बहुतेक त्यात तशाच सापडतील.

नॅन: इथेच जास्त वेळ घालवा

वाळपईचा शून्य इथूनच आला. त्या जुलैत गेज, म्हणजे पाऊस मोजायचं यंत्र, बंद पडला होता, म्हणून अख्खा महिना नॅन. मॅटलॅबमध्ये साधा सम (बेरजेचं फंक्शन) केला तर एक नॅन असला तरी बेरीज नॅन येते, आणि सरांची स्क्रिप्ट नॅन दिसलं की 'डेटा नाही' असं छापायची. पांडासचा सम मात्र मुळातच नॅन वगळून बेरीज करतो, आणि सगळेच वगळले तर उरलं काय, काहीच नाही, आणि काहीच नाहीची बेरीज शून्य. गणिताच्या दृष्टीने चूक काढता येत नाही. पण पावसाच्या दृष्टीने 'माहीत नाही' चं 'पडलाच नाही' होऊन बसतं. नमपायचा नॅनसम पण आता शून्यच देतो, मॅटलॅबमध्ये ओमिटनॅन लावलं तरी शून्य, आरमध्ये एनए-डॉट-आरएम ट्रू केलं तरी शून्य, म्हणजे 'नॅन वगळा' म्हटलं की सगळ्यांचं एकमत, फक्त पांडासमध्ये तुम्ही ते न म्हणताच म्हटलेलं असतं. उपाय: पांडासच्या सममध्ये मिन_काउंट=१ द्या, म्हणजे निदान एक तरी खरा आकडा असल्याशिवाय बेरीज नॅनच राहते. मी तर आता महिन्यासाठी २५ ठेवतो, पाच-सहा दिवस गेज बंद राहिला तर चालवून घेतो, त्याहून जास्त नाही. हा २५ कुठल्या शास्त्रातून आलेला नाही, माझी मर्जी, तुम्ही तुमचा ठरवा पण ठरवा.

मॅक्सची गंमत अजून वेगळी. १२, नॅन, ८० ह्याचा मॅक्स मॅटलॅबमध्ये ८०, पांडासमध्ये ८०, नमपायमध्ये नॅन, ज्युलियात नॅन, आरमध्येही नॅन. आणि मॅटलॅबमध्ये त्याच ॲरेचा मीन, म्हणजे सरासरी, काढा, तो नॅन येतो! म्हणजे एकाच भाषेत सम आणि मीन नॅनला मानतात आणि मॅक्स-मिन मानत नाहीत. सरांची स्क्रिप्ट ह्याच्यावर टेकून होती, सगळ्यात जोराचा पाऊस कुठला हे ती बिनधास्त सांगायची, मी नमपायमध्ये मॅक्स लिहिला आणि सगळ्या स्टेशनांसमोर नॅन. तिथे नॅनमॅक्स लिहायला हवा होता. आर्गमॅक्स, म्हणजे सर्वात मोठा आकडा कुठल्या जागी आहे ते सांगणारा, तर अजून छुपा, नमपायमध्ये तो सरळ पहिल्या नॅनची जागा देतो, नॅनची नाही तर जागेची, म्हणजे उत्तर अगदी साधासुधा इंटिजर (पूर्णांक) दिसतो आणि 'सर्वात जास्त पाऊस १४ तारखेला' असं तुम्ही लिहून मोकळे, जेव्हा १४ला गेजचं झाकणच बंद होतं. आरमधला विच-डॉट-मॅक्स मात्र रिकाम्या नोंदी सोडून बघतो.

सॉर्टमध्ये नॅन मॅटलॅब, नमपाय, ज्युलिया तिन्हीकडे चढत्या क्रमात शेवटी जातात. आरचा सॉर्ट त्यांना उडवूनच टाकतो, ॲरेची लांबी कमी होते, आणि तुम्ही तो तारखांच्या कॉलमशेजारी ठेवला की गेलंच सगळं. एनए-डॉट-लास्ट ट्रू करा. आणि आरमध्ये एनए (नोंदच नाही) आणि नॅन ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पायथनवाल्यांना कळायला वेळ लागतो.

रिकामा ॲरे

२०० मिमीच्या वरचे दिवस काढा असं फिल्टर लावलं आणि एकही दिवस निघाला नाही. आता त्याचा मॅक्स? नमपाय एरर देतं, ज्युलिया पण एरर देतं, मॅटलॅब रिकामा ॲरेच परत देतं, आणि आर वॉर्निंग देऊन मायनस इन्फिनिटी देतो. मला विचाराल तर एरर देणारे दोघं प्रामाणिक. मॅटलॅबचं रिकामं उत्तर पुढे इफमध्ये गेलं तर ते चुपचाप खोटं धरलं जातं, आणि स्क्रिप्ट जणू काही झालंच नाही अशी पुढे जाते. सरासरीला रिकाम्यावर नॅन येतो, नमपाय वॉर्निंग देतं, बाकीचे तेवढंही नाही.

आरमध्ये एक जुना खड्डा आहे, फॉर लूप १ पासून लांबीपर्यंत. लांबी शून्य असली तर १:० म्हणजे १ आणि ० असे दोन आकडे होतात, लूप दोनदा फिरतो. सीक-अलाँग वापरा. आमच्या ताईला हे माहीत होतं, मला नव्हतं.

स्टँडर्ड डेव्हिएशन, एका आकड्याचं

आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते मोजायचं हे माप. बऱ्याच जणांना माहीत असतं तरी परत सांगतो. १०, २०, ३०, ४० घ्या. नमपायचा एसटीडी ११.१८ देतो कारण तो ४ने भागतो. मॅटलॅब, आर, ज्युलिया, पांडास १२.९१ देतात कारण ते ३ने भागतात. नमपायमध्ये डीडॉफ=१ (भागताना एक कमी करा) दिलं की जुळलं. आता त्यातला काटा बघा, नमपायचाच कोव्ह, म्हणजे कोव्हेरियन्स (दोन गेज एकत्र किती हलतात ते), मुळातच एक कमी करून भागतो, म्हणजे एकाच लायब्ररीत व्हेरियन्सला एक नियम आणि कोव्हेरियन्सला दुसरा. वर कोव्ह रांगेला व्हेरिएबल समजतो आणि मॅटलॅब कॉलमला, त्यामुळे तीन गेज आणि तीस दिवस असलेलं टेबल दिलं तर एकीकडे ३ बाय ३ येतं आणि दुसरीकडे ३० बाय ३०.

एकच आकडा असेल तर? नमपाय ०, मॅटलॅब पण ० (त्यांनी ही केस मुद्दाम हाताळलीय), पांडास आणि ज्युलिया नॅन, आर एनए. म्हणून डीडॉफ=१ लावून तुम्ही मॅटलॅबशी जुळलात असं वाटतं आणि एक नोंदीच्या स्टेशनवर परत फाटे फुटतात, कारण नमपाय डीडॉफ=१ सोबत तिथे शून्य भागिले शून्य करून नॅन देतं.

राउंडिंग

आमच्याकडच्या ज्या गेजचा डेटा होता त्याची छोटी वाटी ०.५ मिमीला उलटते. म्हणजे अर्ध्या-अर्ध्यांचे आकडे ढिगाने. ०.५, १.५, २.५, ३.५ राउंड करा. पायथन, नमपाय, ज्युलिया, आर हे जवळच्या सम संख्येकडे जातात, ०, २, २, ४, बेरीज ८. मॅटलॅब शून्यापासून लांब जातं, १, २, ३, ४, बेरीज १०. एक्सेलचा राउंड पण मॅटलॅबसारखा. सम संख्येकडे जाण्याची पद्धत फ्लोटिंग पॉइंटच्या आयईईई ७५४ स्टँडर्डची नेहमीची पद्धत आहे, बेरीज सतत एकाच बाजूला कलू नये म्हणून, पण शाळेत आपण अर्ध्याला वरच न्यायचो ना, म्हणून रिपोर्ट वाचणाऱ्याला २.५ चे २ बघून चूकच वाटते. जावास्क्रिप्टमध्ये वेब पेज असेल तर तिसराच प्रकार, मॅथ-राउंड अर्ध्याला नेहमी वरच्या बाजूला नेतो, म्हणजे मायनस २.५ चं मायनस २. जुळवायचं असेल तर सोपं: शेवटच्या छपाईपर्यंत राउंड करूच नका, आणि करायचाच असेल तर ॲब्सोल्यूट व्हॅल्यूमध्ये (चिन्ह काढलेल्या आकड्यात) ०.५ मिळवून फ्लोअर (खालचा पूर्णांक) घ्या आणि चिन्ह परत लावा, हे सगळ्या भाषांत सारखं चालतं.

पर्सेंटाइल

त्याच १०, २०, ३०, ४० चा २५वा पर्सेंटाइल, म्हणजे ज्याच्या खाली २५ टक्के आकडे येतात तो, नमपाय, आर आणि ज्युलियात १७.५ आणि मॅटलॅबमध्ये १५. दोन्ही बरोबर. पर्सेंटाइल काढायच्या नऊ पद्धती आहेत, १९९६ साली हाइंडमन आणि फॅन यांनी त्या नंबर देऊन मांडल्या, आर तुम्हाला टाइप १ ते ९ निवडू देतो आणि काही नाही सांगितलं तर ७ घेतो. मॅटलॅबची ५वी. नमपायमध्ये मेथडला 'हेझन' द्या, तीच ५वी. हे नाव ॲलन हेझन ह्या अमेरिकन पाणी-इंजिनिअरचं, म्हणजे पावसावाल्यांना ती पद्धत परकी नाहीच. लांब डेटावर फरक नगण्य होतो, पण पंधरा-वीस वर्षांचे वार्षिक आकडे घेऊन ९०वा पर्सेंटाइल काढाल तर दिसेल.

मॉड्युलो आणि जून

आपलं पावसाचं वर्ष जूनला सुरू होतं, म्हणून महिना वजा ६, मॉड्युलो १२ (१२ने भागून उरलेली बाकी), असा साधा हिशोब. जानेवारीला १ वजा ६ म्हणजे मायनस ५. पायथन आणि नमपायचं % उत्तर ७ देतं, आरचं %% पण ७, मॅटलॅबचं मॉड पण ७. ज्युलियात % लिहिलं तर मायनस ५, कारण ज्युलियात % म्हणजे रेम, चिन्ह पहिल्या आकड्याचं. सी आणि जावास्क्रिप्टमध्ये पण मायनस ५. माझा मित्र ह्यातच अडकला होता, निदान ज्युलियाने मायनस इंडेक्सवर एरर तरी दिला, कारण पायथनमध्ये मायनस १ म्हणजे शेवटचा आणि आरमध्ये मायनस १ म्हणजे पहिला सोडून बाकी सगळे, तिकडे असता तर बिनबोभाट चुकला असता. ज्युलियात मॉड असं नाव लिहा, % नको.

एकाच रांगेचं टेबल

हे माझं आवडतं, कारण कधीतरीच चावतं. मॅटलॅबचा सम टेबल दिलं तर कॉलमनिहाय बेरीज करतो, ३० दिवस आणि ३ गेज असतील तर तीन बेरजा. पण महिन्याच्या १ तारखेला सकाळी स्क्रिप्ट चालवली तर टेबल १ बाय ३ असतं, आणि मॅटलॅब पहिली अशी दिशा शोधतं जिची लांबी १ नाही, म्हणजे ते तिन्ही गेजची बेरीज करून एक आकडा देतं. पणजी, फोंडा आणि वाळपईचा पाऊस एकत्र! नेहमी दिशा लिहा, सममध्ये स्वल्पविराम १. नमपाय, ज्युलिया आणि आरमध्ये काही न सांगता सम केला तर सगळ्या टेबलची एकच बेरीज येते, त्यामुळे तिथे पण दिशा सांगावी लागतेच. आरमध्ये मॅट्रिक्समधून (नुसत्या आकड्यांच्या टेबलातून) एक रांग उचलली की ती टेबल राहतच नाही, साधा व्हेक्टर होतो, ड्रॉप=फॉल्स लावा.

आकार जुळण्याचं पण तसंच. नमपायमध्ये ३ चा ॲरे आणि ३ बाय १ चा ॲरे मिळवला तर ३ बाय ३ येतो, मॅटलॅबमध्ये आर२०१६बी पासून रांग अधिक कॉलम केलं तरी तसंच होतं, त्याआधी एरर यायचा, म्हणून २०१६ च्या आधीची स्क्रिप्ट असेल तर तेव्हा पकडली जाणारी चूक आता पकडली जात नाही. आर छोट्या ॲरेला परत-परत लावत जातो, लांबी पूर्ण भाग जात असेल तर वॉर्निंगसुद्धा नाही.

रीशेप: १ ते ६ चा २ बाय ३ केला तर नमपाय पहिल्या रांगेत १ २ ३ भरतं, मॅटलॅब, ज्युलिया आणि आर कॉलमने भरतात म्हणून पहिल्या रांगेत १ ३ ५. नमपायमध्ये ऑर्डरला 'एफ' द्या (एफ म्हणजे फोरट्रान), आरमध्ये उलट हवं असेल तर बायरो=ट्रू.

बाकी भराभर

आठ बिटांचे २०० अधिक १००: मॅटलॅब २५५ वर, म्हणजे आठ बिटांत मावणाऱ्या सर्वात मोठ्या आकड्यावर, थांबतं, नमपाय आणि ज्युलिया गुंडाळून ४४ देतात. ढगांच्या चित्रांवर काम करत असाल तर आधी आकडे फ्लोट (दशांशाचे) करा. आरमध्ये साधा इंटिजर मर्यादेबाहेर गेला की एनए आणि वॉर्निंग. मॅटलॅबमध्ये इंटिजर ५ भागिले २ म्हणजे ३, कारण तो राउंड करतो, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मशीनवर संशय घेतला होता.

विंडोजवर नमपायचा मूळ इंटिजर ३२ बिटांचा असायचा, २०२४ ला आलेल्या २.० पासून ६४ बिटांचा झाला. लॅबमधल्या लिनक्सवर बरोबर आणि घरच्या लॅपटॉपवर निगेटिव्ह बेरीज येत असेल तर आधी व्हर्जन बघा.

मायनस १ चं वर्गमूळ: नमपाय आणि आर नॅन देतात वॉर्निंगसकट, ज्युलिया एरर, मॅटलॅब काही न बोलता संमिश्र संख्या देतं आणि ती पुढच्या सगळ्या गणितात पसरते.

नमपायमध्ये जुलैचा तुकडा स्लाइस करून त्यात बदल केला की मूळ वर्षाचा ॲरे पण बदलतो. मॅटलॅब, आर, ज्युलियात स्लाइस म्हणजे नवी कॉपी. कॉपी हवी असेल तर कॉपी लिहा, विषय संपला.

फूरिए ट्रान्सफॉर्म (डेटातल्या लाटा वेगळ्या काढायचं गणित) उलटा करताना मॅटलॅब आणि नमपाय लांबीने भागून देतात, आर भागत नाही, तुम्ही भागायचं.

जुळलं की नाही हे बघताना पण तेच

हे सगळं झाल्यावर दोन्हीकडची उत्तरं फाइलीत काढली आणि तुलना करणारं फंक्शन लावलं, तर ते फंक्शनसुद्धा ठिकाणाप्रमाणे बदलतं. नमपायचा ऑलक्लोज नॅन आणि नॅनला वेगळं समजतो, पण नमपायच्याच टेस्टिंगमधला असर्ट-ऑलक्लोज त्यांना सारखं समजतो. मॅटलॅबमध्ये इझइक्वल नॅनला नाही म्हणतो आणि इझइक्वलएन हो म्हणतो. ०.१ अधिक ०.२ वजा ०.३ हे शून्याच्या जवळ आहे का विचारा, नमपायचा इझक्लोज हो म्हणतो कारण त्यात छोटी ठरावीक सूट आधीच दिलेली असते, ज्युलियाचा लाटांच्या चिन्हाचा जवळपास-समान नाही म्हणतो, कारण तिथे ठरावीक सूट शून्य असते आणि टक्केवारीची सूट त्या इवल्याशा फरकाच्याच मानाने मोजली जाते, ती त्याला पुरत नाही. त्यामुळे कोरड्या दिवसांवर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, ज्युलियाचा रिपोर्ट लालेलाल आणि पायथनचा हिरवागार.

मी आता सगळीकडे हाताने लिहितो: ठरावीक सूट ०.०१ मिमी, टक्केवारीची सूट शून्य, दोन्हीकडे नॅन असेल तर जुळलं धरायचं, आणि एकीकडे नॅन आणि दुसरीकडे आकडा असेल तर ती ओळ वेगळ्या फाइलीत काढायची, कारण ती फाइल छोटी असते आणि बहुतेक वेळा सगळा घोळ तिच्यातच सापडतो.